खंडेनवमीचं तेल

अष्टमीच्या सकाळी मी बाबांना दलिया भरवत होते. चमचा तोंडाजवळ नेला की ते तोंड उघडत, गिळत आणि पुन्हा भिंतीकडे बघत. आई गेल्यापासून आमच्या घरी हेच चाललं होतं. त्या सकाळी मात्र त्यांनी चमचा हाताने बाजूला सारला आणि विचारलं, "पाने कामाला लागले का यंदा?"

माझ्या हातातली वाटी कलंडली. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून "हं" आणि "नको" यांखेरीज काही निघालं नव्हतं. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर हाताखालच्या लोकांवर आवाज चढवलेला माणूस. सेवानिवृत्तीनंतर वर्कशॉप नाही म्हणून घरातल्यांवर चढवायचा. आणि आता पडून असायचा, कूस बदलायलासुद्धा मी लागायची. पाठीला लाल चट्टे येऊ लागले होते. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं की शरीरात काही बिघाड नाही. जाता जाता दारात थांबून ते म्हणाले होते, "बिटिया, बाबूजी को उठाइए. लेटे-लेटे आदमी ख़त्म हो जाता है." 

उठाइए म्हणणं सोपं. मी काय काय केलं नव्हतं! रेडिओ लावला, जुने फोटो काढले, शेजारच्या शुक्लाजींना चहाला बोलावलं, पुण्याच्या भावाला रोज व्हिडिओवर उभा केला. भाऊ तिकडून "बाबा, कसे आहात?" असं ओरडायचा आणि बाबा डोळे मिटून घ्यायचे. पुरण केलं तर ते त्यांनी औषधासारखं गिळलं. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, लग्न केलेलं नाही, घरात आम्ही दोघंच. शाळेतून परत येताना रोज कुलूप उघडायच्या आधी क्षणभर हात थांबायचा. आत काय असेल, या भीतीने.

आणि आता हा माणूस पान्यांची चौकशी करत होता.

हे पाने प्रकरण सांगायला हवं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे झाशीला आले आणि इकडचेच झाले. तलवार चालवायला आले की घोड्यांची चंदी मोजायला, हे कुणालाच नक्की माहीत नाही. पण खंडेनवमी आमच्याकडे अगदी शिपाईगिरीच्या थाटात होते. तलवार कधीच गेली. आजोबा रेल्वेच्या शेडमध्ये लागले आणि पाटावर तलवारीच्या जागी त्यांचे पाने आले. पुढे तेच पाने बाबांकडे आले. लाल कापडात गुंडाळलेले, फडताळात देवाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेले. नियम एकच, पण कडक. वर्षभरात ज्या हत्याराने काम केलं नाही, ते पाटावर चढत नाही. बसून राहिलेल्या हत्याराला हळदकुंकू लावणं म्हणजे आळशाला हार घालणं, असं आजोबा म्हणायचे.

काम म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. घरात पहिली गाडी आली तेव्हापासून नवरात्रात तिच्या इंजिनाचं तेल घरच्या माणसाने, घरच्या पान्यांनी बदलायचं आणि मग नवमीला गाडी आणि पाने दोघांची पूजा. झाशीतली बाकीची मराठी घरं याला हसतात. पुण्याचे नातेवाईक तर आमच्या मराठीपासूनच हसायला सुरुवात करतात, त्यामुळे तेलापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागतो.

जुन्या गाडीचं तेल बदलणं हा आमच्याकडचा खरा सण होता. बाबा बारदान अंथरून गाडीखाली सरकायचे. खाली एकच नट, उघडा, हाताशी. सतरा नंबरचा रिंगपाना लावला, एक झटका दिला, की काळंभोर गरम तेल आईच्या बाद केलेल्या परातीत पडायला लागायचं. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "त्या परातीत पुन्हा कणीक मळायला सांगू नका म्हणजे झालं." बाबा तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून नाडी बघितल्यासारखे गप्प बसायचे आणि मग गाडीच्या प्रकृतीचा निकाल द्यायचे. चहा होईपर्यंत सगळं आटपलेलं असायचं.

गेल्या वर्षी आई नुकतीच गेली होती, त्यामुळे सण नव्हता. यंदा होता. आणि बाबांच्या तो लक्षात होता!

"अजून नाही लागले," मी म्हटलं. "उद्यापर्यंत लागतील. तेल बदलते मी."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "बदललंस तर मी पूजेला बसतो. नाही तर राहू दे." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

बसतो म्हणाले! पाटावर, पाठ सरळ करून, स्वतः! मी उरलेला दलिया तसाच टाकला आणि फडताळ उघडलं. एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नाही. जुनी गाडी आता नव्हती. आईच्या आजारपणात ग्वाल्हेरच्या खेपा करता करता ती संपली, आणि माझा गुडघा क्लचला कंटाळला होता म्हणून मी नवी ऑटोमॅटिक घेतली होती. तिच्या पोटात काय आहे, हे मी कधी पाहिलेलं नव्हतं.

बॉनेट उघडलं तर इंजिन दिसेना. गादीला अभ्रा घालावा तसं त्याच्यावर काळं प्लास्टिकचं झाकण. झाकण उपटलं तर खाली पाइप, पाइपाखाली वायरी, वायरींखाली आणखी एक झाकण. जुन्या गाडीत फिल्टर डब्यासारखा समोर लटकत असायचा. हाताने नाही फिरला तर बाबा त्याला पट्टा आवळून फिरवायचे. इथे फिल्टर शोधायलाच घामाघूम झाले. तो इंजिनाच्या मागे, एका प्लास्टिकच्या टोपीत बसलेला होता आणि त्या टोपीवर आमच्याकडचा कुठलाच पाना चालण्यासारखा नव्हता. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. ब्लूटूथला फोन कसा जोडायचा यावर त्यात पानंच्या पानं होती. तेलाबद्दल एक ओळ होती, अधिकृत सेवा केंद्राकडे जा.

म्हणून सेवा केंद्राला फोन केला.

"मैडम, आपकी तो सर्विस अभी ड्यू ही नहीं है," तिथला माणूस म्हणाला.

"पता है भैया. हमें घर पर बदलना है."

"घर पर क्यों? यहाँ ले आइए. एसी में बैठिए, चाय पीजिए."

"चाय नहीं पीनी. आप बस इतना बता दीजिए कि नीचे वाला नट कौन-से पाने से खुलता है."

"वो स्पेशल टूल से खुलता है मैडम. और घर पर खोल लिया तो वारंटी चली जाएगी."

इथे माझा बाप चालला आहे आणि याला वॉरंटीची पडली आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? तो मला चहा पाजायला तयार होता. मी "ठीक है जी" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ फोनलाच शिव्या देत बसले.

दुपारी गाडीखाली शिरले. बाबांनी रेल्वे रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे याच कामासाठी ठेवले होते. त्यांच्यावर पुढची चाकं चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक दोनदा तपासला आणि बारदानावर आडवी झाले. वर बघते तर सगळं बंद. नट नाही, इंजिन नाही, पुढच्या चाकापासून पार मागेपर्यंत एक सलग काळा प्लास्टिकचा पत्रा. तो ज्या खुंट्यांनी लावला होता त्या स्क्रूसारख्या दिसत होत्या आणि पेचकस लावला की जागच्या जागी गोल फिरत होत्या. पहिली फिरवून फिरवून थकले. दुसरी उचकटली तर तुटून माझ्या कपाळावर पडली. तिसरीला मी मनाशी नक्की केलं की तुटेल तर तुटेल.

शेवटी पत्र्याचा एक कोपरा खाली लोंबायला लागला. त्याच्या फटीतून, बॅटरीच्या उजेडात, मला तेलाचा नट दिसला. एवढ्या खटाटोपानंतर देवदर्शन व्हावं तसा आनंद झाला, पण तो टिकला नाही. नटाला कडाच नव्हत्या. गोल डोकं आणि मधोमध चांदणीच्या आकाराचा खड्डा. बाबांच्या गुंडाळीत रिंगपाने होते, फिक्स पाने होते, एक पक्कड होती, आजोबांचा स्क्रूपाना होता. चांदणीत जाईल असं काही नव्हतं.

म्हणून अंगावरची धूळ झटकून सीपरी बाजार गाठला. अष्टमी असल्याने देवीच्या मंडपांनी अर्धे रस्ते अडवलेले, ऑटोवाल्यांनी उरलेले. हत्यारांच्या दुकानातल्या दादांनी माझ्या हातातल्या फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला.

"दीदी, इसमें तो तारा लगता है."

"तो तारा दे दीजिए."

त्यांनी डबा काढला, एकेक तारा फोटोपुढे धरला, मान हलवली, डबा आत ठेवला. "इत्तो बड़ो नइयाँ हमाए पास. ग्वालियर से मँगाने परहै. दसहरे के बाद आ जाहै."

"दशहरे के बाद आकर मैं क्या करूँगी?"

"काए, गाड़ी तो चल रई है न?"

गाडी चालत होती. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. गाडीला तेल नकोच होतं. हे त्यांना मी कसं समजावणार? परत येताना ऑटोत बसल्यावर आणखी एक गोष्ट सुचली. समजा तारा मिळाला असता, तरी काय? आज विकत घेतलेल्या हत्याराने नट उघडला तर आजोबांच्या पान्यांनी काय काम केलं? बाबा पहिलं तेच विचारतील. तेल बदलायचं तर ते आमच्याच पान्याने बदलायला हवं होतं, आणि या गाडीत आमच्या पान्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. कोण हे लोक आहेत, जे गाडी अशी बनवतात की घरच्या माणसाने तिला हातही लावू नये? मला त्या ऑटोत बसून रडू आलं. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं आणि भजनाचा आवाज कमी केला.

घरी आले तर बाबा उशीला टेकून बसले होते. स्वतः बसले होते! अर्धा ग्लास पाणीही स्वतः घेतलेलं दिसत होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"होतंय."

"सकाळी दाढी करून दे. धोतर काढून ठेव." मग म्हणाले, "तुझी आई झेंडूचा हार कुठून आणायची ते ठाऊक आहे ना?"

आईचं नाव त्यांनी तेरवीनंतर पहिल्यांदा काढलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो धसका. सकाळपर्यंत हा माणूस फक्त आडवा पडला होता. आता मी त्याला आशेला लावून ठेवलं होतं, आणि उद्या तोंडावर पडले तर तो पुन्हा उठेल कशाला? इतके दिवस उठला नाही तेवढं बस होतं. आता पडला तर माझ्यामुळे पडेल, असं मला वाटायला लागलं.

खोटं बोलायचा विचार आला नाही असं नाही. मी स्वयंपाकघरातून एक खुर्ची आणली, तिच्या पायाचा नट रिंगपान्याने खोलला, परत आवळला, आणि पाना बाबांपुढे धरला. "हे बघा, पाना कामाला लागला. नियम पाळला गेला."

त्यांनी पाना हातात घेतला, नाकाजवळ नेला. "खुर्चीचा नट खोललास?"

"नटच तो."

"हे काम नव्हे," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त पाना परत दिला आणि म्हणाले, "जमत नसेल तर राहू दे, ताई. आता कशाला."

हे "आता कशाला" मला फार लागलं.

नवमीला सकाळी दाढी करून दिली. धोतर नेसवलं, ते कमरेला टिकेना, दोन पिना लावल्या. चौरंग मांडला, रांगोळी काढली, हार आणला. चौरंग रिकामा. बाबा खाटेच्या काठावर बसून त्या रिकाम्या चौरंगाकडे बघत होते. मी लाल गुंडाळी काखेत मारली आणि बाहेर पडले.

गाडीखाली मी काय काय केलं ते आज आठवलं की माझीच मला लाज वाटत नाही, कीव येते. चांदणीच्या खड्ड्यात पेचकसाचं टोक घातलं, हातोडीने ठोकलं. पेचकस सटकला आणि हात पत्र्यावर आपटून सोलवटला. पकडीने नटाचं डोकं धरून पाहिलं. धरायला काही नव्हतंच. आजोबांचा स्क्रूपाना कमी जागेत शिरेना. वर्गात मी पोरांना सांगते की तरफेचा दांडा लांब असला की बल कमी लागतं. इथे लांब पाना फिरवायला वीतभर जागा नव्हती आणि माझं सगळं शास्त्र त्या बारदानावर माझ्याबरोबर उताणं पडलेलं होतं. आतून बाबांच्या खोकण्याचा आवाज आला. नंतर खाट करकरली. आडवे झाले असणार, असं वाटलं आणि मी जोरजोरात रडायला लागले. तोंडात धूळ गेली. मी त्या गाडीला म्हटलं, "अगं सटवे, एक नट दे. एकच नट आमच्या पान्याला बसेल असा दे. बाकी सगळं तुझं."

आणि तिने दिला.

लोंबता पत्रा मी रागाने ओढला तशी मागची आणखी एक खुंटी तुटली आणि पत्रा जास्त खाली आला. तिथे, चांदणीवाल्या नटापासून थोडा दूर, डाव्या अंगाला दुसरा एक नट होता. उघडा. साधा. सहा कडांचा, जुन्या गाडीला होता तसाच. मी सतराचा रिंगपाना त्याच्यावर चढवला. पाना चपखल बसला.

त्या क्षणी मी थोडा विचार करायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि बुडणारा ती काडी कुठल्या झाडाची आहे ते विचारत नाही. माझं डोकं उलट मला पटवून द्यायला लागलं. कंपनीने तेल काढायला दोन वाटा ठेवल्या असतील. एक त्यांच्या स्पेशल टूलसाठी, आणि एक तुमच्याआमच्यासाठी, जरा लपवून. माणसं काय अगदीच दुष्ट नसतात.

पान्याच्या टोकाला टाचेने रेटा दिला. हलेना. पुन्हा दिला. तिसऱ्या वेळी कट असा आवाज आला आणि तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. नट सुटला. बोटांनी फिरवत काढला आणि धार लागली. आईची परात मी खाली सरकवली. धार परातीत पडायला लागली आणि मी गाडीखालून जिवाच्या आकांताने ओरडले, "बाबा! निघालं! तुमच्या पान्याने निघालं!"

तेल लालसर होतं, स्वच्छ होतं. गाडी नवी, तेलही नवंच असणार, असं मी मनाशी म्हटलं. मला तेव्हा ते हिरवं निळं कसंही निघालं असतं तरी चाललं असतं.

मी परातीत पडणारी धार बघत पडून राहिले. बारीक होत गेली, मग थेंब थेंब. मग घरातून एक आवाज येऊ लागला. वॉकरचा. तो वॉकर भावाने पाठवला होता आणि आल्यापासून कोपऱ्यात उभा होता. त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालायची. ठक, मग चप्पल घासत, मग ठक. उठून मदत करायला धावावं असं वाटलं आणि हलायची हिंमतही होईना. ओसरीची पायरी होती मध्ये. तिथे आवाज थांबला, मग खूप वेळाने पुन्हा सुरू झाला.

गाडीखालून मला फक्त पावलं दिसत होती. धोतराचा काठ, काड्यांसारखे घोटे, चपला. त्या परातीजवळ येऊन थांबल्या.

"पुढे कर," बाबा म्हणाले.

मी परात त्यांच्याकडे ढकलली. वॉकरला धरून ते वाकले असावेत, कारण त्यांचा हात हळूहळू खाली येताना दिसला. दोन बोटं तेलात बुडाली आणि वर गेली.

"ताई," ते म्हणाले, "हे कुठून काढलंस?"

"नटातून."

"कुठल्या नटातून?"

"पाना बसला त्या."

"पाना बसला म्हणून?" त्यांचा आवाज एकदम चढला. "पाना बसला म्हणून खोललास? अगं, हे इंजिनाचं तेल आहे का? हे इंजिनाचं तेल असतं का असं, लाल, शरबतासारखं? गेअरबॉक्स रिकामी केलीस तू! उभी गाडी मेली! आता ती इथून इंचभर हलणार नाही, तिला उचलून न्यावी लागेल!"

मी तोंडावर हात दाबला. हाताला तेल होतं.

"शाळेत मास्तरीण! पोरांना काय शिकवतेस, सांग मला! दिसला नट की फिरव? उद्या रेल्वेच्या इंजिनाखाली शिरशील आणि ब्रेकचा नट खोलशील, पाना बसला म्हणून! आजोबांच्या पान्याने काम केलं म्हणे! पान्याला अक्कल असते का? अक्कल धरणाऱ्याला लागते! आणि हा पत्रा? हा काय लोंबतोय? तोडलास? हातोडी कशाला आणलीस, गाडीला ठोकायला?"

शेजारच्या गच्चीवरून शुक्लाजींची हाक आली, "बाबूजी, सब ठीक है?"

"क्या ख़ाक ठीक है!" बाबा त्यांच्यावर गरजले. "गाड़ी का सत्यानास कर दिया लड़की ने!"

ते ओरडत होते. उभे राहून ओरडत होते. दम लागला की थांबत आणि पुन्हा सुरू होत. मी त्या परातीशेजारी उताणी पडून सगळं ऐकत होते, केसांत तेल होतं, हाताचं साल निघालेलं होतं, गाडीचं पुढे काय होणार याची मला जराही काळजी नव्हती. मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी थांबू नये.

"तुझी आई असती तर—" ते म्हणाले, आणि थांबले.

पुढचं आलंच नाही. वरून नुसता श्वास ऐकू येत होता, लांब, खरखरीत. मग वॉकर उचलल्याचा आवाज आला. चपला वळल्या. टाचा माझ्याकडे झाल्या, आणि धोतराचा काठ घराच्या दिशेने एक पाऊल गेला, मग दुसरं.

"बाबा," मी गाडीखालून ओरडले, "नट परत लावताना वॉशर आधी घालायचं की नंतर?"

चपला थांबल्या.

"मला आठवत नाही," मी म्हटलं. "मी आपली बसवते कसंही."

"हात लावू नकोस!" ते वळले. "खबरदार हात लावलास तर! कसंही म्हणे! पडून राहा तशीच, मी सांगेपर्यंत काही करू नकोस. खुर्ची... नको, तू उठू नकोस. आणतो मी."

वॉशर आधी घालतात. हे मला चौथी-पाचवीत असल्यापासून ठाऊक आहे. मी नट आणि वॉशर मुठीत घट्ट धरून ठेवले आणि ओसरीवरून खुर्ची फरफटत येईपर्यंत तशीच पडून राहिले.